वर्गात शिकवलेलं मागे घेताना

भिवंडीत मी अठ्ठावीस वर्षं इतिहास शिकवला. ईस्ट इंडिया कंपनीचा धडा आला की पुस्तक मिटून टेबलावर ठेवायचो, दोन्ही हातांचे अंगठे मुलांसमोर धरायचो आणि ढाक्याच्या विणकरांची गोष्ट सांगायचो. मलमल विणणारे हातच उरू नयेत म्हणून इंग्रज व्यापाऱ्यांनी त्यांचे अंगठे तोडले. वर्ग चिडीचूप व्हायचा. आमच्या शाळेतल्या निम्म्या मुलांच्या घरी कुणी ना कुणी मागावर होतं. कांड्या भरणारी आई, तार जोडणारा काका, रात्रपाळीचा बाप. अंगठ्याची किंमत त्या मुलांना समजावून सांगावी लागत नव्हती.

त्या धड्याच्या टाचणात मी एक वाक्य लिहून ठेवलं होतं आणि खाली लाल रेघ ओढली होती : ‘गोरा व्यापारी आणि गोरं सरकार एकच. त्यांच्यातला एकही जण आपल्या माणसांसाठी बोलला नाही.’ टाचणवह्या बदलल्या, ते वाक्य दर जूनमध्ये नव्या वहीत उतरत गेलं. ते वाक्य मी आज मागे घेतो आहे. अंगठ्यांची गोष्टही.

हे वाक्य मी इंग्रजांकडे बघून लिहिलं नव्हतं. माझे वडील जुन्नरकडून भिवंडीला आले ते मागावरचे कामगार म्हणून. पुढे मुंबईच्या एका गिरणीने भंगारात काढलेले चार माग त्यांनी घेतले, काही वर्षांनी आणखी चार. पत्र्याची शेड, खाली कोबा, भिंतीवर कापसाच्या तुसाचा पांढरा थर. मागाच्या बिडाच्या अंगावर इंग्रजी अक्षरं ओतलेली होती : ब्लॅकबर्न. पाटीवर इंग्रजी गिरवायच्या आधी मी ती अक्षरं बोटाने गिरवली. तेलकट, थंडीत गार, माग चालू असला की बोटाखाली थरथरणारी. ब्लॅकबर्न हे लँकशायरमधलं गाव आहे, तिथल्या कापडाने एकेकाळी आपल्याकडचे हातमाग बंद पाडले, हे मला कॉलेजात कळलं. त्या रात्री मी शेडमध्ये जाऊन ती अक्षरं पुन्हा पाहिली होती.

आमचं काम मजुरीचं. सूत व्यापाऱ्याचं, विणलेलं कापडही त्याचंच. आमचा माग, आमची वीज आणि आमचं अंग. मजुरी पिकावर ठरायची, म्हणजे इंचात बाण्याचे किती धागे बसले त्यावर मीटरमागे इतके पैसे. एका वर्षी मुंबईच्या एका पेढीने चाळीस ताग्यांत खोट काढली आणि मजुरी कापली. वडील मला घेऊन गेले होते. मी बारा वर्षांचा, हातात डबा. पेढीच्या दारात पायरीवर ते दोन तास उभे राहिले, आत कुणी बोलावलं नाही. परतीच्या गाडीत त्यांनी डबा उघडला नाही. माझ्या लेखी व्यापारी म्हणजे ती पायरी. ढाक्याचा विणकर सांगताना माझ्या डोळ्यांपुढे ढाका नसायचं, वडील असायचे.

निवृत्तीनंतर भिवंडीवर काही लिहावं असं मनात आलं. कामवारीकाठचं बंदर, भाताचा व्यापार, १८५७ नंतर उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर, १९३०च्या दशकात हातमागाच्या जागी आलेले यंत्रमाग. ठाणे जिल्ह्याचं १८८२चं गॅझेटियर जुन्या छपाईत वाचायचं होतं म्हणून मुंबईच्या टाउन हॉलच्या तीस पायऱ्या चढून एशियाटिक सोसायटीत गेलो. तिथल्या संगमरवरी पुतळ्यांत एल्फिन्स्टन आणि माल्कम माहितीचे, दोघेही मुंबईचे गव्हर्नर. त्यांच्या पंगतीत आणखी एक होता, सर चार्ल्स फोर्ब्ज. हा कुठला अधिकारी म्हणून वाचू लागलो तर तो गव्हर्नर नव्हता, सेनापती नव्हता, कलेक्टरही नव्हता. पेढीवाला होता. आणि हा पुतळा सरकारने बसवला नव्हता. मुंबईच्या इथल्याच लोकांनी वर्गणी काढून फ्रान्सिस चँट्री या इंग्लंडमधल्या नामांकित शिल्पकाराकडून तो करवून घेतला होता, तोही फोर्ब्जने मुंबई कायमची सोडून पाव शतक उलटल्यावर. ज्याच्याकडून आता काही मिळायचं नाही अशा माणसासाठी शेठ मंडळी खिशात हात घालत नाहीत, एवढं भिवंडीत वाढलेल्या माणसाला कळतं. गॅझेटियर बाजूला राहिलं.

फोर्ब्जची कहाणी स्कॉटलंडमधल्या अॅबरडीनशरमध्ये सुरू होते. घराण्याची न्यू नावाची जमीन हातची गेलेली. जॉन फोर्ब्ज हिंदुस्थानात आला आणि १७६७मध्ये त्याने मुंबईत पेढी घातली. ती फोर्ब्ज कंपनी आजही आहे, मालक अर्थात बदलले. त्याचा पुतण्या चार्ल्स, जन्म १७७४चा, एका धर्मोपदेशकाचा मुलगा. पंधरा-सोळाव्या वर्षी तो मुंबईला आला, पेढीचा प्रमुख झाला आणि १८१२च्या सुमारास गडगंज होऊन परतला. काळा घोड्याजवळचा एक रस्ता कित्येक वर्षं फोर्ब्ज स्ट्रीट होता, आता तो डॉ. व्ही. बी. गांधी मार्ग आहे. मी त्या रस्त्याने शंभरदा गेलो असेन.

या पेढ्यांचं काम आमच्याकडच्या माणसाला पटकन समजतं. दुसऱ्याचा माल दलालीवर विकायचा, जहाजं भाड्याने द्यायची, कंपनीच्या नोकरांच्या ठेवी सांभाळायच्या, कापसावर उचल द्यायची. १७८४मध्ये इंग्लंडने चहावरची जकात एकदम उतरवली. चहाची मागणी वाढली, चहा चीनमधून यायचा आणि चीनला इंग्लंडचा माल फारसा नको होता. हिंदुस्थानचा कापूस मात्र हवा होता. गुजरातचा कापूस मुंबईच्या बंदरातून कँटनला जायचा आणि त्याच्या पैशात चहा भरला जायचा. पुढे कापसाच्या जोडीला अफू आली. विल्यम जार्डीन आणि जेम्स मॅथेसन हे दोघे स्कॉटिश व्यापारी त्यावर कोट्यधीश झाले आणि आपले जमशेटजी जीजीभॉय त्यांच्या बरोबरीने त्या व्यापारात होते.

इथवर वाचलं तेव्हा माझं जुनं वाक्य शाबूत होतं. पुढे ते डळमळलं.

इंग्लंडला गेल्यावर चार्ल्स फोर्ब्ज १८१२ ते १८३२ अशी वीस वर्षं पार्लमेंटमध्ये बसला, आधी बेव्हरलीचा आणि मग माल्म्सबरीचा प्रतिनिधी म्हणून. १८२३मध्ये त्याला बॅरोनेट केलं. पक्ष टोरी, म्हणजे जुन्या वळणाचा. पण हिंदुस्थानचा विषय निघाला की तो उठायचा. कॉमन्समध्ये बोलायचा आणि लीडनहॉल स्ट्रीटवर कंपनीच्या भागधारकांच्या सभेतही बोलायचा. हिंदुस्थानच्या लोकांना न्याय द्या, त्यांच्या मालाला इथे बरोबरीने वागवा, हे त्याचं मागणं. काळ कोणता ते पाहावं. १८१३मध्ये कंपनीची हिंदी व्यापारातली मक्तेदारी उठली आणि विलायती गिरणीच्या कापडाला हिंदुस्थानचं दार सताड उघडं झालं. आपल्या सुती आणि रेशमी कापडावर तेव्हा इंग्लंडात सत्तर-ऐंशी टक्क्यांची जकात होती, असं इतिहासकार होरेस विल्सनने लिहून ठेवलंय. १८३१मध्ये बंगालच्या ११७ प्रतिष्ठित लोकांनी अर्ज केला तेव्हाही त्यांची तक्रार हीच : विलायती कापड इकडे अडीच टक्क्यांवर येतं, आमचं सुती कापड तिकडे दहा टक्के भरतं. हा दुजाभाव ज्यांच्या सोयीचा होता त्यांच्याच सभागृहात उभं राहून त्याविरुद्ध बोलणारा माणूस मुंबईचा पेढीवाला होता. आणि मी अठ्ठावीस वर्षं लाल रेघ ओढून शिकवत होतो की एकही नव्हता.

लगेच मानलं असं नाही. माझ्याबरोबर अर्थशास्त्र शिकवणारे एक स्नेही आहेत, त्यांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, “अहो, त्याचा धंदाच हिंदुस्थानच्या मालाचा. जकात उतरली तर फायदा कुणाचा?” मला बरं वाटलं. चला, सुटलो. मग मी हट्टाने त्याच्याविरुद्धचा पुरावा जमवायला बसलो, आणि तो मिळालाही. पामेला नाइटिंगेल यांनी पश्चिम हिंदुस्थानातल्या व्यापारावर १९७०मध्ये लिहिलेल्या पुस्तकात दाखवलंय की गुजरातचा कापूस हाती राहावा म्हणून मुंबईच्या या खाजगी व्यापाऱ्यांनीच राज्यविस्ताराला जोर लावला. १८००मध्ये सुरतेचा कारभार कंपनीने घेतला, १८०३मध्ये भडोच घेतलं. मधे, १८०२च्या शेवटच्या दिवशी, वसईचा तह झाला आणि पेशवाईच्या गळ्यात दोर पडला. वसई आमच्या भिवंडीहून लांब नाही. लढायांच्या त्या काळात मुंबई सरकारला कर्ज पुरवणाऱ्या पेढ्यांत फोर्ब्जची पेढी होती. माल्म्सबरीची त्याची जागा घ्या. तिथे मतदार होते अवघे तेरा, सगळे एका धन्याच्या मुठीतले, जागा मिळायची ती पैसा मोजून. कोट्यवधी हिंदी लोकांची कड घेणारा आवाज तेरा मतांच्या, विकतच्या खुर्चीतून येत होता. आणि ती खुर्ची ज्या पैशातून आली तो पैसा कापसाचा होता.

हे सगळं खरं आहे आणि मी ते झाकणार नाही. पण हा पुरावा हातात घेऊन बसलो तेव्हा मनाला काहीतरी टोचायला लागलं. फायदा होता म्हणून तो बोलला, असं म्हटलं तर मग बाकीचे का बोलले नाहीत? हिंदुस्थानच्या मालावर श्रीमंत होऊन परतलेले आणि पार्लमेंटात जागा विकत घेतलेले गोरे काही थोडेथोडके नव्हते. बहुतेकांनी जमिनी घेतल्या, वाडे बांधले आणि गप्प बसले. फोर्ब्जने घराण्याची न्यूची जमीन परत मिळाल्यावरही बोलणं सोडलं नाही. नोव्हेंबर १८४९मध्ये तो वारला. आयुष्याच्या अगदी अखेरीला त्याने केलेल्या कामांपैकी एक म्हणजे मुंबईच्या लोकांना बाराही महिने स्वच्छ पाणी मिळावं यासाठी काढून ठेवलेली मोठी रक्कम. यात जकातीचा हिशेब कुठे बसवायचा? तो मुंबईला पुन्हा येणार नव्हता, त्या पाण्याचा थेंब त्याच्या पेढीच्या वहीत जमा होणार नव्हता. विहार तलाव व्हायला तेव्हा अजून अकरा वर्षं होती. मुंबईच्या पाण्याचे जाडजूड नळ आज आमच्या भिवंडी तालुक्यातून जातात आणि मार्चपासून आमच्याकडे टँकरच्या रांगा लागतात. तहानलेल्यांच्या पाण्यासाठी पैसे काढणारा माणूस भिवंडीकराला लहान वाटू शकत नाही.

याच ओघात अंगठ्यांचीही गोष्ट तपासली. तपासायला मी अठ्ठावीस वर्षं थांबलो, याची मला लाज वाटते. विल्यम बोल्ट्स नावाच्या, कंपनीशी भांडलेल्या व्यापाऱ्याने १७७२मध्ये छापलेल्या पुस्तकात ती आहे, पण वेगळी. कच्चं रेशीम उकलणाऱ्या बंगालच्या कामगारांवर इतका जुलूम होता की बळजबरीचं काम टळावं म्हणून त्यांनी आपले अंगठे स्वतः कापून घेतले, असं तो लिहितो. कुणी तोडले नाहीत. माणसं स्वतःचा हात निकामी करून घ्यायला तयार झाली. ही गोष्ट माझ्या गोष्टीपेक्षा जास्त भयंकर आहे आणि तिचा सांगणारा गोरा व्यापारी आहे. मी तिच्यातला कामगार पुसला, सांगणारा पुसला आणि माझ्या कामाचा तेवढा राक्षस ठेवला.

भास्कर पांडुरंग तर्खडकर मला ठाऊक होते. १८४१मध्ये ‘अ हिंदू’ या नावाने बॉम्बे गॅझेटमध्ये पत्रं लिहून त्यांनी इंग्रजी राज्याच्या लुटीचा हिशेब मांडला. त्यांचं नाव मी वर्गात अभिमानाने घ्यायचो. पण ती पत्रं आली तेव्हा विलायतेत तीच कैफियत मांडत आलेला एक स्कॉटिश म्हातारा जिवंत होता, हे माझ्या धड्यात बसत नव्हतं. १८८८च्या अलाहाबाद काँग्रेसचे अध्यक्ष जॉर्ज यूल हे कलकत्त्याचे स्कॉटिश व्यापारीच, तेही मी सनावळीत वाचून पुढे जायचो. नाव पाठ करून घ्यायचो, माणूस सांगायचो नाही.

आता जे लिहायचं ते जड जातं. पेढीच्या पायरीची गोष्ट मी वर सांगितली तशीच आयुष्यभर सांगत आलो. बायकोला, मुलांना, शिक्षकांच्या खोलीत. ती तिथे संपत नाही. चार-पाच दिवसांनी त्या पेढीचे म्हातारे मुनीम कल्याणला उतरून, तिथून रिक्षाने आमच्या शेडवर आले होते. धोतर, काळी टोपी, काखेत छत्री. त्यांनी ते चाळीस तागे पुन्हा मोजायला लावले. प्रत्येक तागा दिव्याखाली पसरला, भिंग लावून पीक मोजलं आणि वडिलांना म्हणाले, “खोट सुतात आहे, तुमच्या विणीत नाही. मी आत सांगतो.” कापलेली मजुरी पुढच्या महिन्यात आली. सगळी नाही, पण बरीचशी. वडील त्यांचं नाव दर दिवाळीला घ्यायचे. मी नाही घेतलं. भिंगावर वाकलेला तो म्हातारा मला तेव्हाही दिसत होता आणि आताही दिसतो. पण तो माझी गोष्ट बिघडवत होता. व्यापाऱ्याचं मीठ खाणारा माणूस आमच्या बाजूने बोलला, हे सांगितलं की वडिलांचा अपमान कमी होतो असं मला वाटायचं. अपमान कमी होत नव्हता. त्या दुपारी वडिलांना मिळालेला मान मात्र मी बुडवला, त्यांच्या हयातीत आणि नंतरही.

फोर्ब्ज पचायला मला जड का गेला ते या मुनीमजींपाशी येऊन कळलं. फोर्ब्जला मी साधू मानत नाही. त्याचा पुतळा मुंबईच्या शेठ मंडळींनी उभारला. कँटनला गेलेला कापूस ज्यांनी वेचला आणि ज्यांचे हातमाग बसले त्यांची वर्गणी त्यात असण्याची शक्यता नाही. हे मी यापुढेही सांगेन. पण तो बोलला, वीस वर्षं सभागृहात आणि त्यानंतरही बाहेर, हे आता आधी सांगेन.

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी धामणकर नाक्यावर भेटला. आता त्याचे चोवीस माग आहेत, कामही तेच, मजुरीचं. ओढून कारखान्यात घेऊन गेला. खटखटाटात ओरडून बोलावं लागत होतं. त्याचा मुलगा आठवीत आहे. मुलगा मला बघून हसला आणि त्याने दोन्ही अंगठे वर केले. बापाने घरी सांगितलेली गोष्ट, माझ्याच तऱ्हेने. मी त्या विद्यार्थ्याला म्हटलं, दोन मिनिटं माग बंद कर. त्याने जवळचे चार बंद केले, बाकीचे चालू होते.

“ती गोष्ट मी चुकीची सांगितली होती,” मी म्हणालो.

त्याला आधी ऐकू गेलं नाही असं वाटलं. मग तो म्हणाला, “सर, मी तर ती कामगारांनाही सांगतो. आता याला काय सांगू?”

सुताच्या पोत्यावर बसून मी त्या पोराला रेशीम उकलणाऱ्यांची गोष्ट सांगितली, बोल्ट्सने लिहिली तशी. मग टाउन हॉलमधल्या फोर्ब्जची, तेरा मतदारांसकट, कापसासकट, पाण्याच्या पैशासकट. पोराने विचारलं, “म्हणजे तो चांगला होता का वाईट?” मी त्याला म्हटलं, शाळेला सुट्टी लागली की माझ्याबरोबर चल, आपण त्याला बघून येऊ. आणि मग काळ्या टोपीच्या मुनीमजींचं नाव सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मोठ्याने, कारण पलीकडचे वीस माग चालूच होते.